दहा-साडेचार की नऊ-सहा? मॉडेल विमानाचा प्रोपेलर निवडताना

माळावर नवी मुलं आली की एक प्रयोग हमखास होतो. विमानाच्या शेपटीला सामान तोलायचा हुकवाला काटा अडकवतात, एक जण काटा घट्ट धरतो, दुसरा थ्रॉटल, म्हणजे रिमोटवरची मोटरचा जोर कमी-जास्त करणारी काडी, पूर्ण वर सरकवतो. काट्यावर आकडा आला की आरडाओरडा. "साडेआठशे ग्रॅम ओढतोय रे!" मग त्याच प्रोपेलरवर विमान उडतं आणि दहा-बारा मिनिटांत बॅटरी मान टाकते. पुढच्या रविवारी मोठी बॅटरी येते, विमान जड होतं, जड विमानाला जास्त थ्रस्ट, म्हणजे पुढे ओढणारा जोर, लागतो, आणि पुन्हा काटा बाहेर निघतो.

बैल खुंटीला किती हिसका देतो ते बघून तो दिवसभर किती नांगरेल हे कुणी ठरवत नाही. थांबलेल्या विमानात, पूर्ण थ्रॉटलला मिळणारा थ्रस्ट ही एक अवस्था आहे आणि विमान तिच्यात हातातून सुटतानाचे दोन-चार सेकंदच असतं. बाकी सगळा वेळ ते ठराविक वेगाने, निम्म्याहून कमी थ्रॉटलवर फिरत असतं. तिथे प्रोपेलर कसा वागतो यावर उड्डाणाची मिनिटं ठरतात. म्हणून निवड करायची ती त्या वेगासाठी.

बोलणं हवेत राहू नये म्हणून एक विमान समोर ठेवू. आपल्याकडे इंजिनिअरिंगची मुलं पहिल्यांदा बनवतात तसलं: पंखांचा विस्तार १.२ मीटर, रुंदी २२ सेंटिमीटर, उडण्याच्या तयारीत वजन ९०० ग्रॅम. २२१२ आकाराची १००० केव्हीची मोटर (केव्ही म्हणजे भार नसताना एका व्होल्टमागे मिनिटाला होणारे फेरे), ३० अँपियरचा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट), ३ एस म्हणजे तीन सेलची २२०० एमएएचची लिपो (लिथियम-पॉलिमर बॅटरी). यातलं काहीच भारी नाही, पण हिशोब शिकायला याहून चांगलं सामान नाही.

आकडे आणि अक्षरं

प्रोपेलरवर १०×४.५ असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा व्यास, दुसरा पिच, दोन्ही इंचांत. पिच म्हणजे लाकडात स्क्रू जातो तसा हा प्रोपेलर एका फेऱ्यात न घसरता किती पुढे गेला असता ते अंतर. हवा लाकडासारखी घट्ट नसते, त्यामुळे ही निव्वळ कागदावरची कल्पना. शिवाय हा आकडा बहुतेक वेळा पात्याच्या मागच्या सपाट बाजूवरून काढलेला असतो. पात्याचा छेद विमानाच्या पंखासारखा पाठीवर फुगीर असतो, म्हणून सपाट बाजूचा कोन शून्य झाला तरी थोडा थ्रस्ट मिळत राहतो. खरा पिच छापील आकड्यापेक्षा जरा जास्त निघतो तो यामुळे.

पातं म्हणजे फिरणारा पंख, ही गोष्ट राइट बंधूंनी ओळखली. जहाजांच्या स्क्रूचं गणित उपयोगी पडेना तेव्हा त्यांनी वाऱ्याच्या बोगद्यातले स्वतःचे पंखांचे आकडे पात्याला लावले. १९०३ च्या विमानाचे दोन प्रोपेलर साडेआठ फूट व्यासाचे होते, मिनिटाला साधारण ३५० फेरे घेत आणि त्यांची कार्यक्षमता ७५ टक्क्यांच्या आसपास होती. आपल्या हातातला प्लास्टिकचा प्रोपेलर तिथवर सहसा पोहोचत नाही. ब्रँट आणि सेलिग यांनी अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात ७९ छोटे प्रोपेलर बोगद्यात तपासले, बहुतेक ९ ते ११ इंचांचे. चांगल्या प्रोपेलरची कमाल कार्यक्षमता ०.६५ च्या जवळ आली, अगदी वाईटाची ०.२८ च्या. दिसायला सारखेच, एकाच आकाराच्या पट्ट्यातले प्रोपेलर, आणि फरक दुपटीहून जास्त. हे मोजमाप विद्यापीठाने सर्वांसाठी खुलं ठेवलं आहे; आपला प्रोपेलर त्यात सापडला तर अर्धं काम झालं.

छोट्या प्रोपेलरचं दुखणं बरंचसं आकाराचं आहे. आपल्या १० इंची पात्याची रुंदी २२ मिलिमीटरच्या आसपास. तिथला रेनॉल्ड्स आकडा (हवेच्या चिकटपणाच्या तुलनेत वेग आणि आकार किती मोठे ते सांगणारं माप) जेमतेम लाखभर भरतो. इतक्या खाली हवा पात्याला नीट चिकटून वाहत नाही. पुढच्या कडेवरचा खरबरीतपणा, साच्याची राहिलेली शिवण, माती लागून पडलेला खड्डा, यांचा परिणाम म्हणूनच वाटतो त्याहून मोठा होतो.

अक्षरांचं थोडक्यात. एपीसी या कंपनीच्या प्रोपेलरवर 'ई' असेल तर इलेक्ट्रिक मोटरसाठीचं पातळ पातं, 'एसएफ' म्हणजे स्लो फ्लायर, रुंद पात्याचा आणि कमी फेऱ्यांसाठीचा. एसएफवर फेऱ्यांची मर्यादा कडक आहे: ६५,००० भागिले व्यास. म्हणजे १० इंचीला ६,५०० आरपीएम (मिनिटाला फेरे). 'ई' ला हाच आकडा दीड लाखाच्या घरात, म्हणजे १० इंचीला जवळपास १५,०००. आपली १००० केव्हीची मोटर १० इंची प्रोपेलर साडेसात-आठ हजारांवर फिरवते. रुंद पात्याचा स्लो फ्लायर तिच्यावर लावून पूर्ण थ्रॉटल देणारे बरेच जण भेटतात. पातं सुटलं तर ते कुठे जाईल याचा विचार त्यांनी केलेला नसतो.

व्यास: जास्त हवा, हळू ढकला

प्रोपेलर हवा मागे ढकलतो म्हणून विमान पुढे जातं. थोडी हवा जोरात ढकलली काय किंवा भरपूर हवा हळू ढकलली काय, थ्रस्ट तेवढाच मिळू शकतो. खर्च मात्र सारखा नाही, कारण मागे सोडून दिलेल्या हवेतली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. थांबलेल्या अवस्थेत १ किलो थ्रस्टसाठी, कसलाही तोटा नसलेल्या आदर्श प्रोपेलरलासुद्धा व्यास ६ इंच असेल तर १४७ वॅट लागतात. ८ इंचाला ११०, १० इंचाला ८८, १२ इंचाला ७३. खऱ्या प्रोपेलरला याहून बरेच जास्त, पण क्रम हाच.

या तत्त्वाचं टोक बघायचं तर रबराच्या पिळावर उडणारी बंदिस्त सभागृहातली मॉडेलं बघा. वजन दीड ग्रॅमच्या आसपास, आणि प्रोपेलर इतका मोठा आणि इतका संथ की एकेक फेरा डोळ्यांनी मोजता येतो. ती वीस-वीस मिनिटांहून जास्त हवेत राहतात. दुसरं टोक दोरीवर गोल फिरणाऱ्या वेगाच्या स्पर्धेतलं. तिथे एकच पातं असतं आणि समोरच्या बाजूला नुसतं वजन, कारण फेरे प्रचंड असताना प्रत्येक पात्याला आधीच्या पात्याने घुसळलेली हवा मिळू नये. मला ते एका पात्याचं प्रकरण बघताना अजूनही अर्धवट मोडलेलं वाटतं.

मग सरळ १४ इंची का लावत नाही? मोटर ऐकणार नाही. फेरे तेवढेच राहिले तर लागणारी शक्ती व्यासाच्या चौथ्या घाताने आणि पिचच्या साध्या प्रमाणात वाढते असं ढोबळ धरा. ९×४.५ वरून १०×४.५ वर गेलात की (१०/९) चा चौथा घात, म्हणजे १.५२ पट मागणी. मोटर दबते, फेरे पडतात, अँपियर चढतात. व्यास वाढवायचा तर केव्ही कमी असलेली मोटर घ्यावी लागते. हातातली मोटर तीच ठेवायची असेल तर एका वेळी एक इंच, आणि दर वेळी वॅटमीटर. जमिनीपासूनचं अंतरही बघायचं. उतरताना नाक खाली आलं की दोन सेंटिमीटर पुरत नाहीत.

पिच: इथे बहुतेकांचं चुकतं

पिचची निवड विमानाच्या वेगावरून करायची. तीन आकडे लागतात.

पहिला, ज्याच्या खाली पंख विमान पेलू शकत नाही आणि ते कोसळतं तो वेग, म्हणजे स्टॉल. पंखाचं क्षेत्रफळ चौरस डेसिमीटरमध्ये काढा: १२ × २.२ = २६.४. वजन ९०० ग्रॅम भागिले २६.४ म्हणजे ३४. त्याचं वर्गमूळ ५.८; त्याला ४.६ ने गुणा. ताशी २७ किलोमीटर. साध्या, मध्यम फुगीर पंखाला हे सूत्र चालतं. पंख सपाट फळीचा असेल तर वेग आणखी थोडा वर धरा.

दुसरा, फिरण्याचा वेग. निवांत उडवणारा माणूस स्टॉलच्या दीडपटीच्या आसपास उडवतो. इथे ताशी ४० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ११ मीटर.

तिसरा, पिच वेग: आरपीएम × पिच × ०.००१५२४, उत्तर ताशी किलोमीटरमध्ये. माझ्या मोटरवर १०×४.५ पूर्ण थ्रॉटलला सुमारे ७,७०० फेरे घेतो, म्हणून पिच वेग ५३. ९×६ सुमारे ७,९००, म्हणून ७२.

आता नियम. पूर्ण थ्रॉटलचा पिच वेग स्टॉलच्या दुपटीहून कमी नको, अडीचपट असेल तर बरं. दुप्पट म्हणजे ५४. आपला १०×४.५ अगदी काठावर आहे. शांत हवेत छान चालेल, पण समोरून जोराचा वारा आला की विमान पतंगासारखं एका जागी लोंबकळेल, आणि थ्रॉटल कितीही दिला तरी पुढे सरकणार नाही. हे दृश्य मी माझ्याच विमानाचं पाहिलंय. मोटर जोरात ओरडत होती आणि विमान उसाच्या फडावर, होतं तिथेच.

दुसरा नियम कार्यक्षमतेचा. प्रोपेलर सर्वात चांगलं काम करतो ते विमानाचा वेग त्या क्षणाच्या पिच वेगाच्या साधारण तीन-चतुर्थांश ते नऊ-दशांश असताना. त्याहून हळू असाल तर पाती मोठ्या कोनाने हवा कापतात आणि नुसती घुसळण होते. त्याहून जलद गेलात तर थ्रस्ट झपाट्याने शून्याकडे घसरतो. कमाल कार्यक्षमतेचा डोंगर एका बाजूने सोपा चढ आणि दुसऱ्या बाजूने कडा असा असतो.

पिच फार मोठा घेतला तर काय होतं? पात्याचा कोन मोजा. त्रिज्येच्या तीन-चतुर्थांशावर १०×४.५ चा कोन ११ अंश, ९×६ चा १६, १०×१० चा २३. विमान थांबलेलं असताना हवा जवळपास पूर्ण कोनानेच आदळते, आणि २३ अंशांवर पातं स्वतःच स्टॉल होतं, म्हणजे हवा त्याच्या पाठीवरून सुटते. म्हणून मोठ्या पिचचा प्रोपेलर काट्यावर मरतुकडा दिसतो, आवाज फाटका येतो, आणि हातातून सोडल्यावर विमान आधी खाली बसतं. तोच प्रोपेलर ताशी ९० ला लोण्यासारखा चालतो. काट्यावरून निवड करणारा त्याला नापास करतो आणि वेगवान विमानावर ४ पिच लावून वर 'मोटरमध्ये दम नाही' म्हणतो.

मिनिटांचा हिशोब

आपलं विमान ४० च्या वेगाला साधारण वजनाच्या एक-सप्तमांश विरोध झेलतं असं धरू: १३० ग्रॅम, म्हणजे १.२८ न्यूटन. गुणिले ११ मीटर प्रति सेकंद, झाले १४ वॅट. विमान हवेत ठेवायला एवढंच उपयोगी काम लागतं! प्रोपेलरची कार्यक्षमता ०.६ आणि मोटर-ईएससीची मिळून ०.७ असेल तर बॅटरीतून ३३ वॅट जातील. प्रोपेलर ०.४ असेल तर ५०.

बॅटरी ११.१ व्होल्ट × २.२ अँपियर-तास, म्हणजे २४.४ वॅट-तास. लिपो पूर्ण पिळायची नसते. ८० टक्के धरा, १९.५. पहिल्या प्रोपेलरवर ३५ मिनिटं, दुसऱ्यावर २३. विमान तेच, बॅटरी तीच. प्रत्यक्षात वळणं, वर चढणं आणि वारा यांत दोन्ही आकडे खाली येतात, पण त्यांच्यातलं प्रमाण फारसं बदलत नाही.

जमिनीवर मोजणी

आधी हात-बोटं. मोटरला बॅटरी जोडलेली असताना प्रोपेलरच्या फिरण्याच्या पातळीत कुणीही उभं राहायचं नाही, समोर तर नाहीच. लांब बाह्या, ओढणी, गळ्यातलं आयकार्ड बाजूला. रिमोट नवा जोडताना किंवा ईएससीचं प्रोग्रॅमिंग करताना प्रोपेलर काढून ठेवायचा. १० इंचीच्या टोकाचा वेग सेकंदाला १०० मीटर असतो. बोटाला काय होतं ते सांगत नाही.

थ्रस्ट मोजायला शेपटीचा काटा नको. लाकडाचा एल आकार करा, कोपऱ्यात बिजागरी लावून तो टेबलावर पक्का करा. उभ्या भुजेच्या टोकाला मोटर, आडव्या भुजेच्या टोकाखाली स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा. दोन्ही भुजा बिजागरीपासून सारख्या लांबीच्या ठेवा, म्हणजे काट्यावरचा आकडा तोच थ्रस्ट. मोटर आडव्या भुजेच्या दिशेने ओढते आणि हवा मागे जाते, त्यामुळे काट्यावर वारा बसत नाही. मागे भिंत असेल तर निदान दोन मीटर सोडा. बॅटरी आणि ईएससी यांच्यामध्ये वॅटमीटर.

फेऱ्यांसाठी ऑप्टिकल टॅकोमीटर. त्याची परीक्षा घरीच होते. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुनी चोकवाली ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. दोन पात्यांवर ठेवून टॅको तिच्याकडे धरला की बरोबर ३,००० दिसलं पाहिजे. याचाच दुसरा अर्थ असा की त्या ट्यूबखाली प्रोपेलर मोजाल तर तो कितीही फिरो, टॅको मध्येच ३,००० सांगेल. उन्हात मोजा.

आता वही काढा आणि इथे एक सापळा ओळखा. माझ्या बाकावर १०×४.५ ने पूर्ण थ्रॉटलला १५० वॅट घेऊन ८५० ग्रॅम दिले, ८×४ ने ८५ वॅट घेऊन ४८०. वॅटमागे ग्रॅम काढले तर ५.७ आणि ५.६. दोघे सारखेच? नाही. मोठा प्रोपेलर ४८० ग्रॅमवर आणला तेव्हा त्याला ६५ वॅट पुरले. वॅटमागे ७.४ ग्रॅम. तुलना नेहमी सारख्या थ्रस्टवर करायची, सारख्या थ्रॉटलवर कधीच नाही. मी तर नोंदी थ्रॉटलच्या टक्क्यांवर घेतच नाही. २००, ३००, ४००, ५०० ग्रॅमवर थांबतो आणि वॅट लिहितो.

त्याच मोजणीत १०×४.५ ने पूर्ण थ्रॉटलला १४ अँपियर घेतले. या मोटरला १२ च्या वर मिनिटभरही ठेवू नये. म्हणून रिमोटमध्येच थ्रॉटलची वरची हद्द थोडी खाली आणून ठेवली आहे. उतरल्यावर मोटरवर बोट दोन-तीन सेकंदही टिकत नसेल तर प्रोपेलर मोठा झालाय असं समजा. हवेत विमान पुढे जात असल्यामुळे भार हलका होतो आणि अँपियर बाकावरच्यापेक्षा कमी दिसतात, पण मे महिन्यात त्यावर विसंबू नका.

मे महिन्यावरून आठवलं. पुण्याची उंची ५६० मीटर. मेच्या दुपारी तिथली हवा समुद्रकाठच्या मुंबईपेक्षा साधारण ८ टक्के विरळ असते. फेरे तेवढेच असतील तर थ्रस्टही तेवढाच कमी. मुंबईकर मित्राचा आकडा आपल्या बाकावर आला नाही म्हणून मोटरला शिव्या देऊ नयेत.

छापलेलं खरं आहे का?

एकदा मी दहा प्रोपेलरचं स्वस्त पाकीट मागवलं. वर १०×४.५ लिहिलेलं. एकाच पाकिटातले दोन प्रोपेलर, मोटर तीच, बॅटरी तीच, आणि अँपियरमध्ये दीडचा फरक. तेव्हापासून नवा प्रोपेलर आला की आधी पट्टी आणि व्हर्निअर.

प्रोपेलर सपाट काचेवर हबवर, म्हणजे मधल्या जाड भागावर, बसवा. केंद्रापासून त्रिज्येच्या तीन-चतुर्थांशावर, १० इंचीला ९५ मिलिमीटरवर, पेनने खूण करा. त्या ठिकाणी पात्याच्या पुढच्या कडेची काचेपासूनची उंची आणि मागच्या कडेची उंची मोजा. दोन्हींमधला फरक म्हणजे 'उ'. वरून बघताना दोन्ही कडांमधलं आडवं अंतर म्हणजे 'रुं'. पिच = २ × ३.१४ × ९५ × उ ÷ रुं, मिलिमीटरमध्ये, २५.४ ने भागलं की इंच. उ ४.२ आणि रुं २२ असेल तर ११४ मिलिमीटर, म्हणजे साडेचार इंच. बरोबर.

मग दुसरं पातं. त्या पाकिटातल्या एकाचं एक पातं साडेचार निघालं आणि दुसरं पावणेचार. असा प्रोपेलर कितीही तोलला तरी थरथरतो, कारण वजन सारखं असलं तरी दोन पाती वेगवेगळं ओढतात. तो फेकायचाच. वाफेवर वाकवून दुरुस्त करायचा मोह मला झाला होता. दुपार गेली आणि तरी फेकलाच.

तोल

यासाठी चुंबकावर तरंगणारा बॅलन्सर मिळतो; नसेल तर दोन काचेच्या पेल्यांच्या काठावर आडवा ठेवलेला गुळगुळीत स्टीलचा दांडा चालतो. प्रोपेलर आडवा सोडा, जड पातं खाली येईल. त्या पात्याची मागची सपाट बाजू ४०० नंबरच्या पॉलिशपेपरने हलकेच घासा, टोकाकडे जास्त. पुढच्या कडेला हात लावू नका, तिच्या गोलाईवर सगळा खेळ आहे. फक्त साच्याची शिवण राहिली असेल तर ती ६०० ने उतरवा. कार्बनचा प्रोपेलर घासताना पाण्याने ओला करा आणि मास्क लावा.

आडवा तोल जमला की प्रोपेलर उभा करून बघा. उभा ठेवल्यावर एका बाजूला कलंडत असेल तर दोष हबमध्ये आहे; हबच्या हलक्या बाजूला सायनोचा (झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा) किंवा नेलपॉलिशचा एक थेंब. बहुतेक लोक हा भाग सोडून देतात आणि मग विमानाचे स्क्रू का सैल होतात म्हणून विचारतात. हबचं भोक मोठं करायचं असेल तर रीमर वापरा. हातातलं ड्रिल भोक हटकून एका बाजूला नेतं.

बसवताना आकडे लिहिलेली बाजू विमान जातं त्या दिशेला. मोटर मागे असलेल्या विमानातही तसंच. उलटा बसवलेला प्रोपेलरही थोडाफार ओढतो, त्यामुळे चूक पटकन कळत नाही. विमान फक्त आळशी वाटतं. मोटर उलटी फिरत असेल तर तिच्या तीन वायरींपैकी कुठल्याही दोन अदलाबदल करा.

तीन पाती छान दिसतात, जमिनीपासून अंतर कमी असेल तर उपयोगीही आहेत. दोन पात्यांच्या १० इंचीच्या जागी तीन पात्यांचा ९ इंची, पिच तेवढाच किंवा एक इंच जास्त. कार्यक्षमता थोडी जाते, ती मुख्यतः व्यास कमी झाल्यामुळे. ग्लायडरला घडी होणारा प्रोपेलर लावा आणि ईएससीचा ब्रेक चालू ठेवा. मोटर बंद असताना वाऱ्यावर फुकट फिरणारा प्रोपेलर थांबलेल्यापेक्षा जास्त विरोध करतो.

हवेतली परीक्षा

याला कुठलंही महागडं उपकरण लागत नाही, चार्जर पुरतो. दोन प्रोपेलर, एकच बॅटरी. सकाळी सात-साडेसातच्या आत, वारा उठायच्या आधी. बॅटरी पूर्ण भरा. उडवा, मैदानावर ठरलेल्या खुणांभोवती ठरलेले फेरे घ्या, माझे पंधरा असतात, ठरलेल्या वेळात. वेळ सारखी ठेवणं म्हणजेच वेग सारखा ठेवणं. थ्रॉटलची काडी कुठे आहे ते बघायचंच नाही, मित्राला घड्याळ घेऊन फेऱ्यामागची सेकंदं ओरडायला सांगायचं. उतरा, बॅटरी थंड होऊ द्या, पुन्हा भरा आणि चार्जरने किती एमएएच आत घातले ते लिहा. प्रत्येक प्रोपेलरची निदान तीन उड्डाणं, आणि आलटून-पालटून, म्हणजे वाढत्या उन्हाचा दोष एकाच्याच माथी बसत नाही.

माझ्या वहीत या विमानाची दोन पानं आहेत. शांत सकाळी, ताशी ४० च्या संथ फेऱ्यांत १०×४.५ आणि ९×६ यांच्यात धरण्यासारखा फरक पडला नाही; तीन उड्डाणांत आपसातच जेवढं मागंपुढं होतं, तेवढाच. फेऱ्याची वेळ कमी करून वेग ५५ च्या आसपास नेला तसा ९×६ प्रत्येक वेळी कमी एमएएचमध्ये परत आला, आणि १०×४.५ ला तो वेग राखायला काडी जवळपास वर टेकवावी लागली. हातातून सोडताना मात्र १०×४.५ जास्त भरवशाचा. ९×६ ला दोन पावलं पळून, नाक सरळ ठेवून सोडावं लागतं.

डब्यात आता दोन्ही असतात, आणि सोबत ८ चा पाना. सकाळी पोचल्यावर आधी मूठभर सुकं गवत हवेत सोडून बघतो. ते पायाशी पडलं तर दहा-साडेचार, बांधापलीकडे गेलं तर नऊ-सहा.